पुस्तक सापडते कसे? मराठी वाचकाच्या शोधाचा इतिहास (थ्रेड)

१/ १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक लहानसे पुस्तक छापले गेले. प्रती ५००, किंमत ९ आणे. लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, पुस्तकाचे नाव ‘स्त्रीपुरुष तुलना’. त्यावर टीका झाली, तेव्हा १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात लेखिकेची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक वाचकांच्या दृष्टीआड गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केले, तेव्हा कुठे ते मराठी जगाला परत मिळाले.

२/ मधली नव्वद वर्षे हे पुस्तक नष्ट झालेले नव्हते. प्रत शिल्लक होती, म्हणूनच ते पुन्हा छापता आले. वाचकाला त्या प्रतीपर्यंत नेणारी वाट मात्र उरली नव्हती. पुस्तक असणे आणि पुस्तक सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचा थ्रेड त्या वाटेविषयी आहे. मराठी वाचक पुस्तके कशी शोधत, ती त्यांना कोण मिळवून देई, आणि कोणाच्या दारापर्यंत ती पोहोचतच नसत?

३/ आरंभ पोथीपासून करू. छापखान्यापूर्वी पुस्तक शोधणे म्हणजे पोथीचा मालक शोधणे. मठ, मंदिर, एखादे विद्वान घराणे: तिथे जायचे, ओळख काढायची, अनुमती मिळवायची आणि बसून नक्कल करायची. प्रत्येक नकलेत काही ओव्या वाढत, काही गळत. म्हणूनच शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांना ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. संतकवी एकनाथ या कामापुरते आपल्या परंपरेतील एक थोर संपादक होते.

४/ पोथी मिळाली तरी ती वाचता येईलच, असेही नव्हते. महानुभाव पंथीयांनी आपले अनेक ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिपीचा उलगडा होईपर्यंत मराठी गद्याचा एक अतिशय जुना ठेवा पंथाबाहेरच्या वाचकाला जवळजवळ बंदच होता. ग्रंथ जपून ठेवलेले होते. त्यांची किल्ली मोजक्या हातांत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

५/ मुद्रणाने चित्र पालटले, पण एका दिवसात नव्हे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले ते दूर बंगालमधील श्रीरामपूर येथे. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना आला, सरकारी आश्रयाने शालेय पुस्तके निघू लागली, १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा कोश प्रसिद्ध झाला. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकर यांच्या संपादनाखाली ज्ञानेश्वरी शिळाछापावर आली. पोथीच्या मालकाची मनधरणी न करता ज्ञानेश्वरी विकत घेता येणे ही त्या पिढीसाठी नवलाची गोष्ट होती.

६/ विकत घेणे मात्र थोड्यांनाच परवडे. म्हणून वाचनालये निघाली. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८. पुण्याच्या संस्थेचे मूळ नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. तिच्या स्थापनेत लोकहितवादींचा पुढाकार होता. या संस्था वर्गणीवर आणि देणग्यांवर चालत. त्यामुळे सरकारी नोकर, वकील, शिक्षक अशा इंग्रजी शिकलेल्या वर्गाचाच तिथे मुख्यतः वावर असे.

७/ त्याच काळातली आणखी एक रीत आज पुन्हा ओळखीची वाटेल. ग्रंथ छापण्यापूर्वीच त्याची जाहिरात द्यायची, वर्गणीदार जमवायचे आणि त्यांच्या पैशांवर छपाई करायची. कित्येक जुन्या ग्रंथांत या आश्रयदात्यांची यादी नावगावासह छापलेली दिसते. जुने पुस्तक हाती आले की ही पाने उलटून पुढे जाऊ नका. अमुक ग्रंथ कोणत्या गावी, कोणत्या हुद्द्याच्या माणसाकडे गेला, हे सांगणारा तो अस्सल पुरावा असतो.

८/ यानंतर दोन सरकारी गोष्टींनी वाचकाचे आयुष्य बदलले. पहिली, १८६७ चा मुद्रणालये व ग्रंथनोंदणीचा कायदा. प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद होऊ लागली आणि तिमाही याद्या निघू लागल्या. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला तो अशाच नोंदींच्या आधारे. दुसरी, १८७७ मध्ये सुरू झालेली व्ही. पी. पद्धत. पुस्तक टपालाने यायचे आणि पैसे पोस्टमनच्या हाती द्यायचे.

९/ व्ही. पी. चे महत्त्व शहरातून कळत नाही. हा थ्रेड रामवाडीतून लिहिला जात आहे, म्हणून पेणचेच उदाहरण घेऊ. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासून इथला भात आणि मीठ धरमतरच्या खाडीतून मुंबईकडे जाई. ग्रंथविक्रेते मुंबई-पुण्यात. अशा प्रदेशातील वाचकाला पुस्तकासाठी खाडी ओलांडण्याची गरज उरली नाही. मासिकातील जाहिरात पाहायची, एक पत्र टाकायचे आणि पुडक्याची वाट पाहायची. टपालघर हेच त्याचे पुस्तकांचे दुकान झाले.

१०/ अर्थात टपालाने येणारे पुस्तकही आधी कोणीतरी लिहावे, निवडावे, छापावे लागते. ही निवड कोण करत होते? दक्षिणा प्राइझ कमिटी मराठी ग्रंथांना बक्षिसे देई. फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक तिच्याकडे दिले. कमिटीने ते स्वीकारले नाही. त्या काळी ते छापलेच गेले नाही. जे छापले जात नाही, ते कोणत्याही यादीत येत नाही.

११/ ११ मे १८७८ रोजी रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांचे संमेलन भरले. १८८५ मध्ये दुसरे संमेलन ठरले, तेव्हा फुले यांना निमंत्रण गेले. त्यांनी पत्राने नकार कळवला. जे ग्रंथकार शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क प्रत्यक्ष व्यवहारात मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय होता. ग्रंथप्रसाराच्या इतिहासात हे पत्र कळीचे आहे. पुस्तके वाढत होती हे खरे. ती कोणाची आणि कोणासाठी, हा प्रश्न फुले विचारत होते.

१२/ स्त्रियांची वाट आणखी अरुंद होती. काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८) लग्नानंतर स्वतःच्या जिद्दीने वाचायला शिकल्या आणि पुढे कादंबरीकार झाल्या. ज्यांना वाचनालयाची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्यासाठी घरात येणारे नियतकालिक हेच ग्रंथालय होते. हरिभाऊ आपटे यांचे ‘करमणूक’ १८९० मध्ये सुरू झाले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यातूनच क्रमशः आली. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला. दरवर्षी ठरावीक वेळी, घरातील सर्वांसाठी वाचन आणणारी ती प्रथा आजही टिकून आहे.

१३/ वाचनालयांचेही रूप बदलत होते. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले आणि १८९८ मध्ये मुंबईत. नावातला ‘मराठी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मराठी ग्रंथ एकत्र करणे आणि जपणे हा आता स्वतंत्र हेतू ठरला. ठाण्याच्या संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे हे पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’चे लेखक झाले आणि महानुभाव वाङ्मय प्रकाशात आणणाऱ्यांत गणले गेले. आधी संग्रह, मग त्यातून वाङ्मयाचा इतिहास, असा हा क्रम होता.

१४/ आता पेण तालुक्यातील गागोदे गावाकडे येऊ. विनोबा भावे यांचा जन्म तिथे १८९५ मध्ये झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास, म्हणून विनोबांचे शिक्षणही तिकडे झाले. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय उभारले होते आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवण्याची व्यवस्था केली होती. तरुण विनोबांच्या अफाट वाचनाला त्या शहराचा आधार मिळाला. गागोद्यातच राहिलेल्या त्यांच्या वयाच्या मुलांसाठी मुंबई सरकारची अशी कोणतीही योजना नव्हती. दोन प्रशासनांमधला फरक एका गावाच्या मुलांमध्ये असा उतरतो.

१५/ जिथे योजना नसते, तिथे कधी एखादा माणूस ते काम करतो. शालेय परीक्षेतील यशाबद्दल विद्यार्थी भीमराव आंबेडकर यांचे अभिनंदन करण्यासाठी मुंबईत सभा भरली होती. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाने मनावर खोल परिणाम केल्याचे बाबासाहेबांनी पुढे नोंदवले आहे. एका वाचकाने दुसऱ्याच्या हाती योग्य वेळी दिलेले पुस्तक किती दूर जाऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

१६/ पण केळुसकर प्रत्येकाला भेटत नाहीत. म्हणून सूची लागते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली. ती १९४३ मध्ये प्रकाशित झाली. पुढच्या खंडात १९५० पर्यंतची नोंद आली. लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक अशा रुक्ष ओळींचे हे ग्रंथ कोणी आवडीने वाचायला घेणार नाही. तथापि मराठी साहित्याचा वा समाजाचा इतिहास लिहिणारा जवळजवळ प्रत्येक अभ्यासक कधी ना कधी दात्यांच्या दाराशी जातो.

१७/ शासनही हळूहळू जागे झाले. मुंबई सरकारने १९३९ मध्ये फैजी समिती नेमली; १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाची चौकट मिळाली. १९७४ च्या अखेरीस ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभी राहिली. सभासद वाचकांच्या बळावर कमी किमतीत पुस्तके काढायची, ही तिची कल्पना. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ग्रंथालीनेच प्रकाशित केले. फुल्यांच्या प्रश्नाला उशिरा का होईना, पण वाचकांच्या संघटित आधाराने मिळालेले हे एक उत्तर होते.

१८/ आता आपल्याकडे येऊ. आज आपण पुस्तक शोधतो ते समाजमाध्यमांवरील वाचकांच्या समूहांत, कोणाच्या तरी ‘जरूर वाचा’ यादीत, संकेतस्थळांवरील संगणकीय प्रतींत. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ खुले केले आहेत. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या प्रकल्पातून असंख्य जुनी मराठी पुस्तके प्रतिमारूपात आली. केळुसकर, व्ही. पी. आणि दाते सूची हे तिन्ही जणू खिशातल्या एका यंत्रात सामावले आहेत.

१९/ तरीही सकळ लिपी आठवा. त्या संगणकीय पुस्तकांपैकी कित्येकांची शीर्षके रोमन लिपीत, चुकीच्या वर्णांनी नोंदवलेली आहेत. लेखकाचे नाव तुटके, वर्ष गायब. देवनागरीत शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत. पुस्तक सर्वांसाठी उघडे आहे आणि तरी हरवलेले आहे. दुसरीकडे आपल्या याद्यांत तीच ती गाजलेली नावे फिरत राहतात. जे पुस्तक कोणी सुचवत नाही, ते कोणी शोधत नाही. ताराबाईंच्या पुस्तकाला विस्मरणात ढकलणारी व्यवस्था अशीच असते: कोणी मुद्दाम लपवत नाही, फक्त कोणी नाव घेत नाही.

२०/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याची एक विनंती. पुस्तकाविषयी लिहाल, तेव्हा मुखपृष्ठाच्या छायाचित्रापाशी थांबू नका. लेखकाचे पूर्ण नाव, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष आणि ते कोणत्या वाचनालयात मिळाले, एवढे देवनागरीत लिहा. महिन्यातून एकदा तरी कोणत्याही यादीत न दिसणारे पुस्तक सुचवा. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात जाऊन जुने दाखलपुस्तक पाहता आले तर अधिकच उत्तम. दात्यांची सूची १९५० पाशी थांबते. पुढच्या ओळी लिहायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.