अलेक्झांडर (व्यक्तिनाम)

अलेक्झांडर : मूळ ग्रीक भाषेतील एक पुरुषनाम. यूरोप, पश्चिम व मध्य आशिया, ईशान्य आफ्रिका, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया अशा विस्तीर्ण प्रदेशात ते निरनिराळ्या रूपांनी रूढ आहे. इस्कंदर, सिकंदर, शांदोर, अ‍ॅलास्टर, साशा, चांडी ही सर्व या एकाच नामाची रूपे होत. मॅसिडोनियाचा राजा तिसरा अलेक्झांडर (इ. स. पू. ३५६–३२३) याच्या दिग्विजयामुळे या नामाचा जगभर प्रसार झाला. तथापि त्याच्या जन्मापूर्वी सु. नऊशे वर्षे ते प्रचारात होते, आणि त्याच्यानंतर ज्या ज्या समाजाने ते स्वीकारले त्याने मूळ अर्थापेक्षा स्वतःच्या इतिहासातील अनुभवाचाच अर्थ त्यात भरला. शाप, राजचिन्ह, संतनाम आणि वाक्प्रचार अशी चारही स्थित्यंतरे या एका नामाच्या इतिहासात आढळतात.

व्युत्पत्ती व अर्थ : ‘अलेक्सांद्रोस’ हा ग्रीक सामासिक शब्द असून त्यात ‘अलेक्सेइन’ (दूर सारणे, रक्षण करणे) आणि ‘अनेर’, षष्ठी ‘आंद्रोस’ (पुरुष, नर) अशी दोन पदे आहेत. ‘माणसांचे रक्षण करणारा’ किंवा ‘(शत्रूच्या) माणसांना परतवून लावणारा’ असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. तौलनिक भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही पदे संस्कृतला परकी नाहीत. ‘अलेक्सेइन’चा संबंध संस्कृत ‘रक्ष्’ या धातूशी, तर ‘अनेर’चा ‘नृ’, ‘नर’ या शब्दांशी आहे. त्यामुळे ग्रीक अलेक्सांद्रोस व संस्कृत ‘नररक्षक’ यांचे घटक इंडो-यूरोपीय भाषाकुलाच्या एकाच मूळ साठ्यातील आहेत, असे म्हणता येते. मात्र भारतात हे नाम आले ते या नात्याने नव्हे, तर परकीय नाम म्हणूनच आले.

प्राचीन उल्लेख : मायसीनी येथे सापडलेल्या ‘लिनिअर बी’ लिपीतील एका मृत्तिकापट्टावर ‘अ-रे-क-स-द-र’ असे नाम आढळते. ते ‘अलेक्सांद्रा’ असे वाचले जाते. म्हणजे या नामाचा ग्रीक भूमीवरील सर्वांत जुना उपलब्ध पुरावा स्त्रीनामाचा आहे. हिटाइट राजा दुसरा मुवातल्ली याने सु. इ. स. पू. १२८० मध्ये आशिया मायनरच्या पश्चिम भागातील विलुसा येथील ‘अलाक्सांदू’ नावाच्या राजाशी तह केला. विलुसा म्हणजे ग्रीकांचे इलिऑस अर्थात ट्रॉय, हे मत आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. होमरच्या इलियड मध्ये ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचे दुसरे नाव अलेक्सांद्रोस असेच येते. गुरांच्या कळपांवर आलेल्या लुटारूंना त्याने परतवून लावले म्हणून त्याला ते नाव मिळाले, अशी पुढील काळातील कथा आहे. अलाक्सांदू व पॅरिस एकच होत असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. ट्रॉयच्या परिसरात हे नाम राजकुळात चालत होते, एवढेच त्यावरून निश्चित म्हणता येते.

मॅसिडोनियाच्या राजघराण्यात हे नाम इ. स. पू. पाचव्या शतकाच्या प्रारंभीच आढळते. ऑलिंपिक क्रीडास्पर्धांत भाग घेण्यासाठी पहिल्या अलेक्झांडरला आपण ग्रीक वंशाचे आहोत हे सिद्ध करावे लागले, अशी हकीकत हीरॉडोटसने दिली आहे. ज्याचे नाव ग्रीक होते, त्यालाही ग्रीक असल्याचा दाखला द्यावा लागला. तिसऱ्या अलेक्झांडरला हे नाम वंशपरंपरेने मिळाले होते. त्याच्या मृत्यूनंतर ते वैयक्तिक नाम राहिले नाही. सत्तेचा वारसा सांगण्याचे ते साधन बनले. जूडीयातील यहुदी राजा अलेक्झांडर जॅनीअस (कार. इ. स. पू. १०३–७६) आणि रोमन सम्राट सेव्हेरस अलेक्झांडर (कार. इ. स. २२२–२३५) ही त्याची ठळक उदाहरणे होत. यांपैकी सेव्हेरसचे जन्मनाम वेगळे होते. दत्तकविधानाच्या वेळी त्याने अलेक्झांडर हे नाम धारण केले.

प्राचीन भारतीय रूपे : इ. स. पू. ३२७ ते ३२५ या काळात अलेक्झांडर भारताच्या वायव्य भागात होता; परंतु प्राचीन भारतीय वाङ्मयात त्याच्या स्वारीचा निःसंदिग्ध उल्लेख नाही. असे असले, तरी त्याचे नाम मात्र भारतीय लेखांत अल्पावधीतच दिसू लागते. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात धर्मविजयाच्या संदर्भात पाच यवन राजांची नावे आली आहेत. त्यांतील शेवटचे नाव शाहबाझगढी येथील प्रतीत ‘अलिकसुदर’ असे आहे. हा राजा मॅसिडोनियाचा दिग्विजयी अलेक्झांडर नव्हे. तो अशोकाचा समकालीन एपायरसचा दुसरा अलेक्झांडर असावा, असे बहुसंख्य विद्वान मानतात. काहींच्या मते तो कॉरिंथचा अलेक्झांडर होय. भारतीय लेखांत हे नाम प्रथम येते, ते अशा रीतीने जेत्याचे म्हणून नव्हे, तर ज्याच्या राज्यात धर्माचा संदेश पोहोचला त्या राजाचे म्हणून.

पाली ग्रंथांत ‘अलसंद’ हे रूप स्थलनाम म्हणून येते. मिलिंदपञ्ह या ग्रंथात राजा मिलिंद आपला जन्म अलसंद द्वीपात झाल्याचे सांगतो. यवनांच्या अलसंद नगरीतून महाधम्मरक्खित हा थेर तीस हजार भिक्षूंसह श्रीलंकेतील महास्तूपाच्या पायाभरणीस आल्याचे महावंसात म्हटले आहे. ही संख्या अतिशयोक्त असली, तरी अलेक्झांडरने वसविलेल्या नगराचे नाव बौद्ध परंपरेत आदराने घेतले जात होते, हे त्यावरून दिसते.

यहुदी व ख्रिस्ती परंपरा : अलेक्झांडरने जेरूसलेमच्या प्रमुख धर्मगुरूपुढे मस्तक नमविले, अशी कथा इतिहासकार जोसीफस सांगतो. योसिप्पोन या मध्ययुगीन हिब्रू ग्रंथात तिचा पुढील विस्तार आहे : राजाने मंदिरात आपला पुतळा उभारण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा धर्मगुरूने पुतळ्याऐवजी त्या वर्षी जन्मणाऱ्या पुरोहितांच्या मुलांना त्याचे नाव देण्याचे मान्य केले. ही कथा ऐतिहासिक नाही. पण मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्या समाजाने परक्या राजाचे नाम आपलेसे कसे केले, याचे समर्थन तिने पुरविले. यिडिश भाषेतील ‘सेंडर’ हे रूप याच परंपरेतील आहे.

ख्रिस्ती जगात हे नाम संत व धर्माधिकारी यांच्यामुळे दृढ झाले. येशूचा क्रूस वाहणाऱ्या सायमनच्या एका मुलाचे नाव अलेक्झांडर असल्याचे मार्कच्या शुभवर्तमानात नमूद आहे. पुढे अनेक पोपांनी ते धारण केले. स्कॉटलंडमध्ये ११०७ ते १२८६ या काळात या नामाचे तीन राजे होऊन गेले. तेथील गेलिक भाषेत त्याचे ‘अ‍ॅलास्टर’ झाले व त्यावरून मॅकॅलिस्टर हे कुलनाम निघाले. रशियात १२४० मध्ये नीव्हा नदीकाठी स्वीडिश सैन्याचा पराभव करणारा अलेक्झांडर नेव्हस्की पुढे संत मानला गेला आणि हे नाम तेथे धर्मनिष्ठ रक्षकाचे प्रतीक ठरले. एकोणिसाव्या शतकात रशियाच्या तीन झारांचे हेच नाम होते. ‘साशा’ हे त्याचे लाडके रूप स्त्री-पुरुष दोहोंसाठी वापरतात. केरळमधील सिरियन ख्रिश्चनांत अलेक्झांडरचे ‘चांडी’ हे रूप रूढ आहे.

अरबी व फार्सी रूपे : अरबी भाषकांनी आद्य ‘अल’ हे अक्षर आपल्या भाषेतील निर्देशक उपपद समजून अलग केले. ‘क्स’ या व्यंजनांचा वर्णविपर्यय होऊन ‘स्क’ झाले व ‘अल्-इस्कंदर’ हे रूप सिद्ध झाले. फार्सीत त्याचे इस्कंदर व सिकंदर झाले. ध्वनीतील या बदलापेक्षा अर्थातील बदल अधिक लक्षणीय आहे. जरथुश्त्री धर्मीयांच्या पहलवी ग्रंथांत अलेक्झांडरला ‘गुजस्तक’ म्हणजे शापित असे विशेषण लावलेले आहे. कारण पर्सेपलिस येथील राजवाड्याची जाळपोळ व पवित्र ग्रंथांचा नाश यांबद्दल त्याला दोषी धरले जाई. याच इराणात १०१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या फिर्दौसीच्या शाहनामा या महाकाव्यात मात्र सिकंदर हा इराणी राजा दाराब याचा पुत्र ठरतो. त्याच्या मातेच्या मुखाची दुर्गंधी ‘इस्कंदर’ नावाच्या वनस्पतीने दूर झाली, म्हणून तिने मुलाला ते नाव दिले, अशी लोकव्युत्पत्तीही तेथे आहे. जेत्याला वंशात सामावून घेऊन पराभवाचा सल नाहीसा करण्याचा हा प्रयत्न होय. कुराणातील ‘झुल्‌-कर्नैन’ (दोन शिंगांचा) म्हणजे सिकंदरच, असे अनेक भाष्यकारांनी मानल्यामुळे इस्लामी जगात या नामाला धार्मिक प्रतिष्ठाही लाभली. बाराव्या शतकातील निझामीच्या इस्कंदरनामा या काव्यात तो विजेता, तत्त्वज्ञ व प्रेषित अशा तिन्ही रूपांत अवतरतो.

आग्नेय आशियात मलाक्काच्या सुलतानांनी आपली वंशावळ इस्कंदर झुल्कर्नैनपर्यंत नेली. सुमात्रातील आचेचा सुलतान इस्कंदर मुदा (कार. १६०७–३६) याच्या नावाचा अर्थ ‘तरुण इस्कंदर’ असा आहे. इथिओपियात एस्केंदर नावाचा सम्राट (कार. १४७८–९४) होऊन गेला. ऑटोमन तुर्कांनी ओलीस ठेवलेल्या अल्बेनियन सरदारपुत्राला इस्केंदर असे नाव दिले. तोच पुढे १४४३ पासून तुर्कांविरुद्ध लढला आणि ‘स्कँदरबेग’ या तुर्की नावानेच अल्बेनियाचा राष्ट्रीय वीर ठरला.

भारतातील सिकंदर : मध्ययुगीन भारतात हे नाम फार्सी राजसंस्कृतीबरोबर आले. १२९६ मध्ये देवगिरीवर स्वारी करून अपार संपत्ती नेणारा अलाउद्दीन खल्जी याने दिल्लीचे तख्त मिळविल्यावर आपल्या नाण्यांवर ‘सिकंदर-इ-सानी’ (दुसरा सिकंदर) हे बिरुद कोरविले. जगज्जेता होण्याच्या त्याच्या मनोराज्यापासून कोतवाल अलाउल्मुल्क याने त्याला परावृत्त केल्याचे बरनी सांगतो. निझामखान लोदीने राज्यारोहणाच्या वेळी सिकंदर हे नाम घेतले (कार. १४८९–१५१७). आग्र्याजवळील सिकंदरा हे गाव त्याच्यावरूनच ओळखले जाते. विजापूरचा शेवटचा सुलतान सिकंदर आदिलशाह १६७२ मध्ये बालवयात गादीवर आला. १६८६ मध्ये त्याने औरंगजेबापुढे शरणागती पतकरली व उर्वरित आयुष्य मोगलांच्या बंदिवासात काढले. नाम जगज्जेत्याचे व नशिबी कैद, असा विरोध दख्खनच्या इतिहासात येथे दिसतो. हैदराबादचा निजाम सिकंदर जाह (कार. १८०३–२९) याच्यावरून सिकंदराबाद हे नाव पडले. भोपाळच्या राज्यकर्त्या सिकंदर बेगम (मृ. १८६८) यांच्या रूपाने या पुरुषनामाचा स्त्रीसाठी झालेला वापरही आढळतो. सेनानी जेम्स स्किनर (१७७८–१८४१) याला त्याचे हिंदी शिपाई ‘सिकंदर साहेब’ म्हणत. येथे ‘स्किनर’ या अपरिचित नावाला परिचित नामाचा साज चढविला गेला.

मराठीत हे नाम मुख्यतः मुस्लिम समाजात प्रचलित आहे. परंतु ‘नशीब सिकंदर असणे’ हा वाक्प्रचार सर्व थरांत रूढ आहे. त्यात पराक्रमाचा अर्थ मागे पडून दैवाची अनुकूलता एवढाच अर्थ उरला आहे.

स्त्रीनामे : ग्रीक परंपरेत ट्रॉयची राजकन्या कॅसँड्रा हिलाही अलेक्सांद्रा म्हणत. लायकोफ्रॉनने तिच्यावरील काव्याला हेच शीर्षक दिले आहे. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचे पहिले बाप्तिस्मानाम अलेक्झांड्रिना होते. तिचा धर्मपिता झार पहिला अलेक्झांडर याच्यावरून ते ठेवले गेले. सातव्या एडवर्डची राणी अलेक्झांड्रा हिचे नाव मुंबई बंदरातील गोदीला देण्यात आले होते; तीच आजची इंदिरा गोदी होय.

स्थलनामे व इतर वापर : ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया (स्थापना इ. स. पू. ३३१) अरबीत अल्-इस्कंदरिया म्हणून ओळखले जाते. तुर्कस्तानातील इस्केंदरून हे बंदर याच नामाचे आहे. ‘कंदाहार’ हे नाव इस्कंदरवरून आले असे एक प्रसिद्ध मत आहे. तथापि ते पार्थियन राजा गोंदोफर्नीस याच्याशी जोडणारे मतही मांडले गेले आहे. बाराव्या शतकातील अलेक्झांडरविषयक फ्रेंच काव्यामुळे बारा अक्षरी चरणाच्या वृत्ताला ‘अलेक्झांड्राइन’ हे नाव मिळाले. उरल पर्वतात १८३० नंतरच्या दशकात सापडलेल्या, दिवसा हिरव्या व दिव्याच्या प्रकाशात तांबड्या दिसणाऱ्या रत्नाला रशियाच्या युवराजावरून (पुढे झार दुसरा अलेक्झांडर) ‘अलेक्झांड्राइट’ म्हणतात. खांद्यावर तांबडा पट्टा असलेला भारतातील मोठा पोपटही इंग्रजीत अलेक्झांडरच्या नावाने ओळखला जातो.

नामाचे ऐतिहासिक मूल्य : व्यक्तिनाम हा इतिहासाचा पुरावा असला, तरी तो स्वतःपुरता पुरेसा नसतो. अलाक्सांदू म्हणजे पॅरिस, अलिकसुदर म्हणजे दिग्विजयी अलेक्झांडर किंवा कंदाहार म्हणजे इस्कंदरचे नगर असे केवळ नामसादृश्यावरून ठरविणे धोक्याचे आहे. काळ, स्थळ व इतर लेख यांची साक्ष जुळल्याशिवाय नामावरून व्यक्ती ठरविता येत नाही. मात्र एखादे नाम कोणी, केव्हा आणि का स्वीकारले हे पाहिले, तर स्वीकारणाऱ्या समाजाविषयी बरीच विश्वसनीय माहिती मिळते. अलेक्झांडर या नामाचा इतिहास त्या दृष्टीने मॅसिडोनियाच्या राजापेक्षा त्याला शत्रू, आप्त, संत किंवा आदर्श मानणाऱ्या लोकांचाच अधिक आहे.