व्हॅरिओला

व्हॅरिओला : देवी या रोगाचे पाश्चात्त्य वैद्यकातील शास्त्रीय नाव. रोग आणि तो घडवणारा विषाणू या दोहोंसाठी हेच नाव चालते. शब्द उत्तरकालीन लॅटिनमधला असून मूळ उच्चार ‘वारिओला’च्या जवळचा; इंग्रजी वळणाने आला म्हणून मराठीत ‘व्हॅरिओला’ झाला. इंग्रजीत या रोगाला ‘स्मॉलपॉक्स’ म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘मसूरिका’ व पुढे ‘शीतला’ ही नावे येतात आणि मराठीत ‘देवी’ हे नाव रूढ आहे.

व्युत्पत्ती : या शब्दाची दोन मुळे सांगितली जातात. पहिले ‘वारिउस’ म्हणजे अनेकरंगी, ठिपकेदार. इंग्रजीतले ‘व्हेरिअस’ आणि ‘व्हरायटी’ त्याच घरचे. दुसरे ‘वारुस’ म्हणजे पुटकुळी, तोंडावरची मुरमाची पुळी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार केल्सुस याने हा दुसरा शब्द नेमका याच अर्थाने वापरला आहे. पुटकुळ्या, वांग आणि तीळ यांवर उपचार करत बसणे जवळजवळ खुळेपणाचे आहे, पण बायकांना रूपाची काळजी सोडवत नाही, असा शेराही त्याने मारला आहे. शब्दाच्या शेवटी असलेला ‘ओला’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय होय. त्यामुळे ‘व्हॅरिओला’चा अर्थ ‘लहानसा ठिपका’ किंवा ‘बारीक पुटकुळी’ असा होतो. कोशकार बहुधा ‘वारिउस’ला झुकते माप देतात. मात्र रोगाचे नाव अंगावर उठणाऱ्या फोडावरून पडले, एवढे दोन्ही व्युत्पत्तींना मान्य आहे. आणि लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांच्या कानात हे दोन सारखे शब्द एकमेकांत मिसळले असणे अगदी स्वाभाविक आहे.

पहिला उल्लेख : हा शब्द रोगाच्या संदर्भात प्रथम आढळतो तो आव्हांशचा बिशप मारिउस याच्या बखरीत. आव्हांश हे गाव आजच्या स्वित्झर्लंडमध्ये येते. इ. स. ५७० च्या नोंदीत त्याने इटली व गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, या प्रदेशांत पोट वाहणे आणि ‘व्हॅरिओला’ यांसह आलेल्या एका जबर साथीची हकिकत एका वाक्यात दिली आहे. तेवढ्यावरून ती साथ देवीचीच होती असे ठामपणे म्हणता येत नाही. बिशप काही वैद्य नव्हता आणि फोड आणणारे रोग अनेक आहेत. शब्द आधी आणि नेमका अर्थ नंतर, असा प्रकार येथे झाला.

अरबी वैद्यक आणि अर्थनिश्चिती : रोगाची नीट ओळख पटवून देण्याचे श्रेय इराणमधील रै शहरचा वैद्य अर-राझी (सु. ८६५–९२५) याला दिले जाते. देवी व गोवर यांवरचा त्याचा अरबी प्रबंध प्रसिद्ध आहे. देवीला त्याने ‘जुदरी’ व गोवराला ‘हस्बा’ म्हटले आणि दोन्हींची लक्षणे वेगवेगळी सांगितली. देवीत पाठदुखी अधिक, तर गोवरात अस्वस्थपणा व मळमळ अधिक, हे निरीक्षण त्याचेच. कारणमीमांसा मात्र जुन्या पठडीतली होती. लहान मुलांचे रक्त द्राक्षांच्या ताज्या रसासारखे असते, ते वयाबरोबर आंबून पक्व होते आणि त्या उकळीत फोड वर येतात, असे तो मानी. म्हणजे देवी हा त्याच्या लेखी बाळपणाचा जवळजवळ अटळ टप्पा होता. ज्या काळात क्वचितच एखादे मूल या रोगातून सुटत असे, त्या काळी असे वाटले तर नवल नाही.

अकराव्या शतकात आफ्रिकेचा कॉन्स्टंटाइन या नावाने ओळखला जाणारा विद्वान इटलीतील माँते कास्सिनोच्या मठात बसून अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये उतरवत होता. त्याच्या आणि त्याच्या मागून आलेल्या भाषांतरांमधून ‘व्हॅरिओला’ हा शब्द देवीला पक्का चिकटला. गोवराला लॅटिनमध्ये ‘मॉर्बिल्ली’ म्हणत; ‘मॉर्बुस’ म्हणजे रोग, त्याचे लघुरूप, अर्थात ‘छोटे आजार’. लॅटिन वैद्य देवीचे नाव पुष्कळदा अनेकवचनी, ‘व्हॅरिओले’ असे, लिहीत. मराठीचीही तीच रीत आहे. देवी एकटी येत नाही, अंगावर ‘देवी येतात’, ‘देवी उठतात’. रोगाचे नाव एकेका फोडाला लागू पडते आणि फोड मोजदादीपलीकडचे असतात.

युरोपीय भाषांतील रूपे : इटालियन ‘वायोलो’, स्पॅनिश ‘विरुएला’ आणि फ्रेंच ‘व्हेरोल’ ही सगळी ‘व्हॅरिओला’चीच तोंडी झिजलेली रूपे. पोर्तुगीजांत शास्त्रीय शब्द तोच असला तरी बोलीत ‘बेशिगाश’ म्हणजे ‘फुगे, पिशव्या’ असे म्हणत. इंग्रजीने लॅटिन शब्द घरात घेतला नाही. तेथे ‘पॉक’ म्हणजे फोड, मूळ अर्थ पिशवी. त्याचे अनेकवचन ‘पॉक्स’.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात फिरंगोपदंश ऊर्फ गरमी हा रोग थैमान घालू लागला. १४९५ साली फ्रेंच फौजा नेपल्सहून परतताना तो सर्वत्र पसरला. त्याचेही फोड उठत, आणि ते मोठे, ओंगळ असत. तेव्हा इंग्रजांनी त्याला ‘थोरला पॉक्स’ म्हटले आणि जुन्या रोगाला सोळाव्या शतकाच्या आरंभापासून ‘धाकटा’, अर्थात ‘स्मॉलपॉक्स’. फ्रेंचांनीही ‘ग्रोस व्हेरोल’ आणि ‘पतीत व्हेरोल’ अशी तीच वाटणी केली. पुढे फ्रेंच बोलीत नुसते ‘व्हेरोल’ म्हटले की गरमी, असा अर्थ झाला आणि देवीसाठी वैद्यांना लॅटिनकडून ‘व्हारिओल’ हे रूप पुन्हा उसने घ्यावे लागले. ‘स्मॉल’ हे विशेषण फोडांच्या आकाराचे आहे, रोगाच्या जोराचे नव्हे. जीव घेण्याच्या बाबतीत धाकट्याने थोरल्याला कधीच मागे टाकले.

कांजिण्यांचे ‘व्हॅरिसेला’ हे नाव अठराव्या शतकातले. व्हॅरिओलाचे ते आणखी लघुरूप, म्हणजे लहानातले लहान. व्याकरणदृष्ट्या ते ओढूनताणून केलेले आहे आणि वैद्यकदृष्ट्या दिशाभूल करणारे, कारण कांजिण्यांचा विषाणू नागिणीच्या कुळातला असून देवीशी त्याचे नाते नाही. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६७ मध्ये हे दोन रोग निराळे असल्याचे स्पष्ट दाखवले, तरी नाव राहिले ते राहिलेच.

भारतीय नावे : ‘मसूरिका’ म्हणजे मसुराच्या दाण्यासारखे फोड आणणारा रोग. नाव देण्याची रीत लॅटिनसारखीच, पण स्वतंत्रपणे सुचलेली. सुश्रुतसंहितेत मसूरिकेची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ विकारांत आहे आणि चरकसंहितेतही तिला फार जागा नाही. माधवनिदानात, साधारणपणे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास, मात्र तिला स्वतंत्र अध्याय मिळतो. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ‘शीतला’ हे देवतेचे नाव वैद्यकाच्या पोथीत आलेले दिसते. रोग बदलला, की वैद्यांचे लक्ष बदलले, यावर मतभेद आहेत. पण मसुराच्या दाण्यापासून देवतेपर्यंतचा हा चढ त्याचा दरारा वाढत गेल्याचे सांगतो, असे मानायला हरकत नाही.

मराठीतील ‘देवी’ हे नाव शीतलादेवीवरून आले. अंगाची लाही करणाऱ्या तापाच्या देवतेला ‘शीतल’ म्हणायचे, यात आर्जव आहे. घरात देवी आल्या की फोडणी बंद, तळण बंद. दाराला व अंथरुणाला कडुलिंबाचा पाला, देवीला दहीभाताचा नैवेद्य. औषध देणे हा तिचा अवमान समजत. श्रावणातल्या शीतला सप्तमीला चूल न पेटवता शिळे खाण्याचा रिवाज याच श्रद्धेतला. मुंबईत माहीमला शीतलादेवीचे जुने देऊळ आहे आणि आता भुयारी मेट्रोचे एक स्थानकही त्याच नावाचे आहे.

टोचणीचे शब्द : देवीच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत टोचून सौम्य रोग आणायचा, म्हणजे पुढे जबर रोग होत नाही, ही युक्ती आशिया व आफ्रिकेत युरोपच्या आधीपासून माहीत होती. बंगालमधील टोचणी करणाऱ्यांची पद्धत जे. झेड. हॉलवेल याने १७६७ मध्ये लंडनच्या वैद्यांसाठी वर्णन करून ठेवली आहे. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिने इस्तंबूलमध्ये ही पद्धत पाहून १७१८ साली आपल्या मुलाला आणि १७२१ साली लंडनमध्ये मुलीला टोचून घेतले. इंग्रजीत याला ‘इनॉक्युलेशन’ म्हणू लागले. हा शब्द मुळात माळ्यांचा. लॅटिनमध्ये ‘ओकुलुस’ म्हणजे डोळा आणि झाडाचा कोंबही. कलम करताना दुसऱ्या झाडाचा कोंब सालीत बसवण्याला ते ‘इनोकुलारे’ म्हणत. आपल्याकडे गुलाबाचे कलम करणारा माळी आजही ‘डोळा भरणे’ असेच म्हणतो.

एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स या मुलाला गवळणीच्या हातावरच्या, गाईपासून आलेल्या फोडातील लस टोचली. १७९८ साली छापलेल्या पुस्तकात त्याने त्या रोगाला ‘व्हॅरिओले व्हॅक्सिने’, म्हणजे ‘गाईच्या देवी’, असे नाव दिले. ‘व्हाक्का’ म्हणजे गाय. हे नुसते नामकरण नव्हते. गाईचा हा रोग देवीचेच एक रूप आहे, हा वादग्रस्त दावा त्याने नावातच घालून टाकला होता आणि विरोधकांनी त्यावर टीकाही केली. त्यातल्या विशेषणापासून १८०० साली ‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द निघाला. मग जुन्या पद्धतीला वेगळे ओळखण्यासाठी ‘व्हॅरिओलेशन’ हे नाव मागाहून बनवावे लागले. लुई पास्तरने १८८१ मध्ये जेन्नरच्या सन्मानार्थ ‘व्हॅक्सिन’ हा शब्द सर्वच रोगांच्या लशींना लावावा असे सुचवले. त्यामुळे ज्या लशींचा गाईशी काडीचा संबंध नाही त्याही आज तिचेच नाव लावतात.

भारतात गाईच्या देवीची पहिली यशस्वी टोचणी मुंबईत झाली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती देण्यात आली. लस व्हिएन्नाहून बगदाद, बसरा अशी एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत आणली होती. ॲनाच्या फोडातील लशीवरून ती पुढे पुणे, सुरत, मद्रास, कलकत्त्यापर्यंत गेली. मराठीत या क्रियेला ‘देवी काढणे’ म्हणतात. रोगाला येणे आणि टोचणीला काढणे, अशी क्रियापदांची वाटणी झाली. ‘लस’ हा शब्द आधीपासून जखमेतून पाझरणाऱ्या पातळ द्रवासाठी होताच. वासरांच्या कातडीवर वाढवलेली लस वापरात आली तेव्हा तो अक्षरशः लागू पडला. मुंबई इलाख्यासाठी अशी लस बेळगावच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमध्ये तयार होई. पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांच्या दंडावर तिचे खोलगट वण अजून दिसतात.

आधुनिक वापर : वैद्यकात ‘व्हॅरिओला मेजर’ व ‘व्हॅरिओला मायनर’ असे दोन प्रकार करतात. पहिल्यात सुमारे ३० टक्के रोगी दगावत, दुसऱ्यात १ टक्क्याहून कमी. भारतात मुख्यत्वे पहिला होता. टोचणी झालेल्याला तरीही रोग झालाच तर येणाऱ्या सौम्य रूपाला ‘व्हॅरिओलॉइड’ म्हणत. देवीचे फोड चेहरा व हातापायांवर दाट, तळहात-तळपायांवरही येत. एका भागातले सगळे फोड एकाच अवस्थेत असत. हाताला ते कातडीत रुतलेल्या छऱ्यांसारखे टणक लागत आणि मधोमध खळगी असे. कांजिण्यांचे फोड धडावर दाट, वरवरचे आणि टप्प्याटप्प्याने येणारे. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत गावोगाव फिरणाऱ्या पथकांकडे देवी आलेल्या मुलाचे रंगीत चित्र असलेले कार्ड असे, ते दाखवून ‘असा रोगी पाहिलात का’ म्हणून विचारत. रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये, अशा आशयाच्या घोषणा भिंतींवर रंगवलेल्या असत.

व्हॅरिओला मेजरची नैसर्गिक लागण झालेली शेवटची रोगी बांगलादेशच्या भोला बेटावरील रहीमा बानू ही मुलगी (१९७५) आणि मायनरचा शेवटचा रोगी सोमालियातील अली माओ मालिन (१९७७), दोघेही वाचले. १९७८ मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅमला प्रयोगशाळेतून निसटलेल्या विषाणूने जॅनेट पार्कर ही वैद्यकीय छायाचित्रकार मरण पावली. आता व्हॅरिओलाचे साठे अधिकृतपणे अटलांटा आणि सायबेरियातील कोल्त्सोवो येथील दोन प्रयोगशाळांतच आहेत. ज्या वाणांची जनुकीय संहिता सर्वांत आधी वाचली गेली त्यांत ‘इंडिया-१९६७’ या नावाचा एक आहे.

जागतिक आरोग्य सभेने मे १९८० मध्ये देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या रोगाला बी०३ हा संकेतांक असून, रोग नाहीसा झाला तरी देखरेखीसाठी ही नोंद कायम ठेवली आहे, अशी टीप तेथे दिलेली आहे.