डोळ्यावर डोळा

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात, बोहाडा या सोंगांच्या उत्सवात माणसाचा देव होतो तो मुखवटा चढवून. सोंग बाहेर येतं तेव्हा नरसिंह पुरता नरसिंह असतो. तो होताना कुणी पाहिलेला नसतो आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. ती मधली अवस्था डोळ्यांदेखत घडवायचा हट्ट सिनेमाचा. आज मोबाइलवरही जमणारं मॉर्फिंग संगणकाची करामत समजलं जातं. पण त्यातलं मर्म, म्हणजे एका चेहऱ्याची दुसऱ्याशी नेमकी जुळणी, महाराष्ट्रात संगणकाच्या कितीतरी आधी ओळखलं गेलं होतं.

दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटाच्या आरंभी त्यांची मुलगी मंदाकिनी साध्या रूपात चेहऱ्यावरचे भाव दाखवते आणि मग विलयातून तिच्याच जागी कृष्ण येतो. त्या काळी विलय कॅमेऱ्यातच करत: भिंगाचं छिद्र मिटत चित्र काळोखात न्यायचं, फीत तेवढीच मागे घ्यायची आणि छिद्र उघडत त्यावरच दुसरं चित्र टिपायचं. मध्ये वेश बदलायचा, पण कॅमेरा तसूभर हलता कामा नये. डोकं जागेवरून सरकलं की पडद्यावर चार डोळे दिसणार. कॅमेरा खिळवून ठेवण्याची ही शिस्त फाळक्यांना नवी नव्हती. १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी अशाच चिकाटीने टिपली होती.

विलय म्हणजे मॉर्फिंग नव्हे, असं कुणी म्हणेल. खरंच नव्हे. विलयात एक चित्र फिकटतं आणि दुसरं ठळक होतं. मॉर्फिंगमध्ये पहिलं नाक दुसऱ्या नाकाच्या जागी सरकत जातं. मायकेल जॅक्सनच्या ‘ब्लॅक ऑर व्हाइट’मध्ये (१९९१) पॅसिफिक डेटा इमेजेस कंपनीने एकात एक मिसळवलेले चेहरे जगाने पाहिले. त्यामागची रीत बायर आणि नीली यांनी १९९२ च्या शोधनिबंधात मांडली: दोन्ही चेहऱ्यांवर भुवया, ओठ, हनुवटी यांच्या जोडीच्या रेषा आखायच्या, त्यांच्या बेताने दोन्ही चित्रं ताणायची आणि मग त्यांचा विलय करायचा. म्हणजे शेवटची पायरी जुनीच. ताणणं नवं, पण कुठली रेष कुठल्या रेषेची जोडीदार हे माणूसच ठरवत होता. फाळक्यांकडे ताणायची सोय नव्हती, म्हणून ती जुळणी नटाला देहाने करावी लागे.

आता रेषाही आखाव्या लागत नाहीत, हा आक्षेप अधिक वजनदार. अडोबीच्या प्रीमिअर प्रोमध्ये २०१५ साली आलेलं ‘मॉर्फ कट’ चेहरा ओळखून मुलाखतीतली कापलेली जागा आपोआप सांधतं. मात्र हात चेहऱ्यापुढून गेला किंवा मिटल्या ओठांमागून एकदम दात दिसले, की त्या बिंदूंना पलीकडे जोडीदारच नसतो आणि चित्र चिखलासारखं कालवलं जातं. म्हणून कट तोंड मिटलेलं असताना, मान दोन्हीकडे सारखी कललेली असेल तिथे घ्यावा. दोन वेगळी माणसं जोडायची तर भिंग, अंतर आणि उजेड एकच ठेवावा, केस आणि पार्श्वभूमी वेगळ्या थरात हाताळावी. खुद्द अडोबीही ‘मॉर्फ कट’साठी एकटा बोलणारा माणूस आणि स्थिर पार्श्वभूमी असलेलं दृश्यच सुचवते.