मॅचकडे पाठ

वीकेंडला जुन्या मॅचेसच्या हायलाइट्स बघणं हा माझा जुना आजार. परवा पुन्हा २ एप्रिल २०११ ची फायनल लावली (कितव्यांदा ते विचारू नका). कुलसेकराच्या बॉलवर धोनीचा सिक्स आला, की मला दर वेळी आमच्या माहुलचे शेजारचे हवालदार काका आठवतात.

तेव्हा मी शाळेत होतो. काकांना वानखेडेचा बंदोबस्त लागला होता. आम्हा पोरांना काय हेवा वाटला होता म्हणून सांगू! फुकटात वर्ल्ड कपची फायनल! ते घरी आले दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर. आम्ही दारातच घेरलं, "काका, सिक्स कसा दिसला?"

बूट काढत म्हणाले, "अरे, मी कुठला बघतोय? आमचं तोंड पब्लिककडे. पब्लिक एकदम उठलं, तेव्हा कळलं जिंकलो ते."

आमचा चेहरा पडला. पण त्या बंदोबस्ताला किती इतिहास चिकटलेला होता, हे कळायला मला इंजिनियर व्हावं लागलं :-)

२६/११ ला जेमतेम अडीच वर्षं होत होती. त्या हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, इंग्लंडविरुद्धची मुंबईची टेस्ट दुसरीकडे हलवावी लागली होती. तुकाराम ओंबळ्यांनी कसाबला धरलं ती गिरगाव चौपाटी वानखेडेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. फायनलला भारताच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आणि श्रीलंकेचे अध्यक्ष राजपक्षे, दोघेही हजर. आणि ३० मार्चला मोहालीत पाकिस्तान जिंकला असता तर? कसाब आर्थर रोडला असताना पाकिस्तानची टीम मुंबईत! बंदोबस्ताला मधे दिवस होते फक्त दोन.

पण पोलिसांनी पब्लिककडेच का बघायचं, याचं उत्तर मला सापडलं त्याच मैदानाच्या पहिल्या टेस्टमध्ये. जानेवारी १९७५. ब्रेबॉर्नवाल्या सीसीआयशी तिकिटांच्या वाटपावरून भांडण झालं, म्हणून वानखेडे नवं कोरं उभं राहिलेलं. वेस्ट इंडीजशी मालिका २-२, पतौडी कॅप्टन. दुसऱ्या दिवशी क्लाइव्ह लॉइडचे २०० झाले आणि एक पोरगा कडं तोडून थेट पिचपर्यंत धावला. कशाला? तर लॉइडचं अभिनंदन करायला! आपल्या बॉलर्सची पिसं काढणाऱ्याचं. मला तर हे फारच मुंबईचं वाटतं.

पोलिसांनी त्याला धरलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बडवलं. झालं. स्टँड पेटून उठले, दंगल झाली, त्या दिवसाचा पुढचा खेळ बोंबलला. लॉइड नाबाद २४२, वेस्ट इंडीज ६ बाद ६०४, आणि शेवटी आपण २०१ धावांनी हरलो. स्कोअरकार्डात हे सगळं आहे, तो पोरगा नाही.

आता त्या पोलिसांची बाजू घेणं अवघड आहे, मी घेतही नाही. हात मिळवायला आलेल्याला मारायचं काय कारण? पण त्या क्षणी त्यांना कुठे ठाऊक होतं हा हार घालणार की हल्ला करणार? दंडाला धरून बाहेर काढणं आणि लाठी चालवणं यात सेकंदाचा फरक, आणि तो निर्णय घ्यायचा कोणी, तर सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या शिपायाने. मी तर बारा तास ऑफिसात बसलो की क्लायंटच्या साध्या मेललाही वाकडं उत्तर देतो. एसीत बसून!

तासांचा विषय निघालाच आहे तर.. मुंबई पोलिसांत आठ तासांची ड्यूटी पहिल्यांदा करून बघितली ती मे २०१६ मध्ये, आमच्या शेजारच्या देवनार पोलीस ठाण्यात. कल्पनाही एका शिपायाचीच. म्हणजे २०११ ला काका उभे होते ते जुन्या, बारा तासांच्या हिशोबात, आणि बंदोबस्त म्हटला की तोही हिशोब सुटायचा. मॅच संपली तरी मरीन ड्राइव्हवर रात्रभर पब्लिक नाचत होतं. त्यांना घरी कोण पाठवणार?

असो. काका आता रिटायर झालेत. मागच्या गणपतीत त्यांना लॅपटॉपवर ती ओव्हर दाखवली. सिक्स शांतपणे बघितला. मग म्हणाले, "जरा मागे घे रे. ते पब्लिक दाखवलं ना, तिथे थांबव. मी कुठल्या स्टँडसमोर होतो ते सापडतंय का बघू."