खांदा वाचला, हात राहिला

बंदुकीच्या धक्क्यानं काय दुखतं, असं विचारलं तर बहुतेक लोक खांदा म्हणतील. दुनळी बारा बोअर दिवसभर चालवलेल्या माणसाला विचारलं, तर तो उजव्या हाताचं मधलं बोट पुढे करील. जुन्या घडणीच्या दुनळीला दोन चाप असतात, उजव्या नळीचा पुढे आणि डाव्या नळीचा मागे. तर्जनी पुढच्या चापावर असते, तेव्हा मधलं बोट चापांभोवतीच्या लोखंडी कमानीला मागून टेकलेलं असतं. बार उडतो, बंदूक मागे येते आणि ती कमान बोटाच्या सांध्यावर आदळते. पहिल्या दहा बारांत हे जाणवतही नाही. पन्नासाव्या बारापर्यंत सांधा सुजतो, आणि त्यानंतर नेमबाज नकळत मूठ सैल करू लागतो. मूठ सैल झाली की पुढचा मार आणखी जोरात बसतो.

धक्का सुसह्य करण्याचा इतिहास सहसा खांद्याच्या बाजूनं सांगितला जातो, कारण त्यातली सगळ्यात प्रसिद्ध वस्तू, म्हणजे दस्त्याच्या मागे बसणारी रबरी गादी, खांद्यासाठीच जन्मली. पण त्याच धक्क्याचा एक वाटा कायम हाताकडे येत राहिला आणि हाताचा विचार फार उशिरा झाला.

आधी धक्का केवढा असतो ते पाहू. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात साधारण 32 ग्रॅम छर्रे असतात आणि ते सेकंदाला 370 मीटरच्या आसपास वेगानं बाहेर पडतात. त्यांच्याबरोबर मधली डाट आणि जळलेल्या दारूचा वायूही जातो. हे सगळं जितक्या संवेगानं पुढे जातं, तितक्याच संवेगानं बंदूक मागे येते. न्यूटननं 1687 साली मांडलेला तिसरा नियम इथे तसूभरही सवलत देत नाही. 3.4 किलोच्या बंदुकीचा मागे येण्याचा वेग सेकंदाला सुमारे 4 मीटर भरतो आणि ऊर्जा सुमारे 28 ज्यूल. एक किलोचं वजन पावणेतीन मीटरांवरून खाली पडावं, एवढा हा मार आहे. शिवाय तो सरळ रेषेत येत नाही. नळी वर असते आणि दस्ता तिच्याखाली उतरता, त्यामुळे बंदूक मागे येता येता तोंडाकडून वर उचलली जाते. या उचलण्यात बंदुकीची मूठ अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात घुसते, मनगट मागे वाकतं आणि कमान मधल्या बोटावर येते. हाताच्या तिन्ही दुखण्यांचं मूळ या एका हालचालीत आहे.

सुरुवातीच्या बंदूकवाल्यांनी यावर सरळ उपाय काढला होता: धक्का अंगावर घ्यायचाच नाही. पंधराव्या शतकातल्या युरोपी हातबंदुकांना नळीखाली एक जाड आकडा असे. तो तटाच्या कडेला अडकवायचा आणि मग बत्ती द्यायची. धक्का दगड सोसत असे. आपल्याकडे किल्ल्यांच्या तटांवरून चालणाऱ्या लांब नळीच्या जेजाला याच जातीच्या. उंटाच्या खोगिरावर फिरत्या खुंट्यावर बसवलेला जंबुरकही तसाच, त्याचा धक्का खोगीर आणि उंट घेई. इंग्लंडच्या दलदलीत पाणपक्ष्यांवर चालणाऱ्या अजस्र नावबंदुका जाड दोरानं नावेला बांधलेल्या असत आणि बार झाला की आख्खी नाव मागे सरके. कर्नल पीटर हॉकर हा त्या काळचा नावाजलेला शिकारी. त्यानं 1814 साली तरुण शिकाऱ्यांसाठी लिहिलेला ग्रंथ पुढची कितीतरी वर्षं वाचला गेला. असल्या बंदुकीला खांदा लावणं म्हणजे खांदा गमावणं, हे त्या मंडळींना पुरतं ठाऊक होतं.

अडचण आली ती उडत्या पक्ष्यामुळे. पक्षी उडाला की बंदूक त्याच्याबरोबर फिरवावी लागते आणि तट, उंट, नाव यांतलं काहीच तिथे कामाला येत नाही. फिरणारी बंदूक म्हणजे अंगावर घेतलेली बंदूक. मग दोनच मार्ग उरतात, बंदूक जड करायची किंवा बार हलका करायचा. बर्मिंगहॅमचा बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यानं ‘द गन अँड इट्स डेव्हलपमेंट’ हा ग्रंथ 1881 साली काढला. बंदुकीचं वजन छर्‍यांच्या वजनाच्या 96 पट असावं, हा त्याच्या नावानं चालणारा ठोकताळा आजही नेमबाजांच्या तोंडी आहे. 32 ग्रॅम छर्‍यांसाठी याचं उत्तर तीन किलोंच्या थोडं वर येतं. इतक्या अनुभवावर उभा असलेला साधा ठोकताळा मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाचा वाटतो. ज्याला आज हलकी बंदूक आणि भारी काडतूस दोन्ही एकदम हवं असतं, त्यानं हा गुणाकार एकदा करून पाहावा.

दारू बदलली त्याचाही फायदा झाला. काळ्या दारूच्या काळात बारा बोअरमध्ये तीन ड्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमहून थोडी जास्त दारू लागे आणि तिचं वजनही नळीतूनच बाहेर पडे. बिनधुराच्या दारूत तेच काम दीड ग्रॅमच्या आत होऊ लागलं. बाहेर जाणारं वजन कमी झालं, म्हणून धक्काही थोडा कमी झाला. काळ्या दारूचा मळ नळीत साचून बार जड होत जायचा, तेही थांबलं.

मग माणसाचं शरीर खरोखर मोडायला लागलं कशानं? बारांच्या संख्येनं. मागून भरायचं काडतूस आलं आणि ठासण्यात जाणारा वेळ वाचला. इंग्लंडमध्ये हाकाऱ्यांनी पक्षी उठवून शिकाऱ्यांच्या अंगावर आणण्याची पद्धत फोफावली, शिकाऱ्यामागे भरून देणारे नोकर उभे राहिले आणि एका दिवसात शेकड्यांनी बार होऊ लागले. पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांनी 1876 साली आपल्या एल्व्हडनच्या इस्टेटीवर एका दिवसात 780 तित्तर मारल्याची नोंद आहे. लॉर्ड वॉल्सिंगहॅमनं 30 ऑगस्ट 1888 रोजी यॉर्कशरच्या ब्लबरहाउस माळावर एकट्यानं 1070 ग्राउस पक्षी मारले. त्या पक्ष्यांसाठी मला वाईट वाटतं. हाताची कथा मात्र इथेच वळण घेते. हजारावर बारांचा धक्का एका दिवसात एकाच शरीरानं सोसायचा, असा प्रसंग आता येऊ लागला. खांद्यावर काळंनिळं होणं, डोकं ठणकणं आणि मधल्या बोटाची कातडी सोलणं या तक्रारी तेव्हाच्या शिकारी मंडळींना चांगल्या परिचयाच्या झाल्या.

उत्तर आलं लंडनच्या पूर्वेकडून, टेम्सकाठच्या रबराच्या कारखान्यांतून. चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची युक्ती 1839 साली सापडली होती आणि इंग्लंडमध्ये टॉमस हँकॉकनं तिचं पेटंट 1840 च्या दशकात घेतलं. त्याआधीचं रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत तडके. गंधकाच्या रबराला दाबलं की ते दबतं आणि सोडलं की पुन्हा फुगतं. बाहेरगावी आणि वसाहतींत जाणाऱ्यांना कपडे-सामान पुरवणाऱ्या एस. डब्ल्यू. सिल्व्हर आणि कंपनीचा याच टेम्सकाठी रबराचा कारखाना होता. त्या वस्तीला सिल्व्हरटाउन हे नाव या कंपनीवरूनच पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत या कंपनीची धक्का शोषणारी टाच-पट्टी बाजारात आली. ‘सिल्व्हर पॅड’ म्हटलं की जुन्या इंग्लिश बंदुकांचे जाणकार अजूनही ती विटकरी रंगाची गादी ओळखतात.

ही गादी धक्का नाहीसा करत नाही. 28 ज्यूल होते ते 28 ज्यूलच राहतात. ती दोन गोष्टी साधते. लाकडाची किंवा शिंगाची टणक पट्टी ज्या एका बिंदूवर टोचत होती, तिथे धक्का तळव्याएवढ्या जागेवर पसरतो. आणि रबर दबायला जो थोडा वेळ लागतो, तेवढ्या वेळात तो वाटला जातो. खांद्यासाठी हे पुरेसं होतं. हाताला मात्र यातलं फार थोडं मिळालं. रबर दबतं तेवढी बंदूक मागे सरकते आणि मूठ घट्ट पकडलेला हात तिच्याबरोबर ओढला जातो. उलट गादी बसवताना लाकूड कापलं नाही, तर दस्ता लांब होतो. मग चापापर्यंत बोट नेण्यासाठी हात पुढे ताणावा लागतो आणि मधलं बोट कमानीला आणखी चिकटतं. गादी बसवल्यावर हात जास्त दुखायला लागला, ही तक्रार अशी खरी ठरते.

हाताचे उपाय किरकोळ आणि घरगुती वाटावेत असे होते. कमानीच्या मागच्या टोकावर चढवायचं रबरी वेटोळं, मधल्या बोटावर घालायची चामडी टोपी, डाव्या हातासाठी नळ्यांवर सरकवायचं चामडी कवच. कवचाचं मुख्य काम तापलेल्या नळीपासून वाचवणं; पण त्यामुळे डावी पकड पक्की होते आणि उजव्या हातावरचा भार उतरतो. मुठीच्या आकाराचाही वाद झाला. सरळ इंग्लिश मुठीवर हात पुढून मागच्या चापाकडे सहज सरकतो, पण धक्क्यातही तो सरकतो. वळणदार मूठ हात धरून ठेवते. तिचं वळण फार जवळ आणि फार तीव्र असेल, तर तीच बोटाला कमानीवर नेऊन बसवते. मला विचाराल तर कमान आणि मधलं बोट यांच्यात जागा ठेवणारं उथळ वळण सगळ्यात माणुसकीचं. पुढे एकच चाप दोन्ही नळ्या चालवू लागला, तर्जनीला मागे-पुढे जायचं कारण उरलं नाही आणि या दुखण्याचं निम्मं मूळच गेलं.

अमेरिकेत प्रश्न पक्ष्यांऐवजी काचेच्या गोळ्यांनी आणि मातीच्या तबकड्यांनी उभा केला. सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोस्कीनं 1880 साली मातीची तबकडी आणली. त्याच गावात, त्याच दशकात, नेमबाज ॲनी ओकलीनं एका दिवसात 5000 काचेच्या गोळ्यांपैकी 4772 फोडल्या. तिच्या हातात सोळा बोअरच्या बंदुका होत्या आणि त्या ती स्वतःच भरत होती. सोळा बोअरची निवड महत्त्वाची आहे. इतके बार करणाऱ्याला भारी काडतूस परवडत नाही, हे तिला कळत होतं. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीट प्रकारांत आज छर्‍यांची मर्यादा 24 ग्रॅम आहे. साडेतीन किलोच्या बंदुकीत त्याची धक्क्याची ऊर्जा 20 ज्यूलच्याही खाली येते. गादी, हातमोजा, वेटोळं यांतला कोणताही उपाय याच्या जवळपास पोचत नाही.

यंत्रानंही हातभार लावला. जॉन ब्राउनिंगच्या स्वयंचलित बंदुकीचं पेटंट 1900 चं. तिच्यात नळी स्वतःच मागे सरके आणि स्प्रिंग व घर्षणाची कडी तिला आवरून धरी. कडी काडतुसाच्या ताकदीप्रमाणे नीट लावली नाही, तर मालकाला त्याच क्षणी समजे. जळलेल्या दारूच्या वायूवर चालणाऱ्या बंदुका पुढे आल्या, आणि 1963 च्या रेमिंग्टन 1100 नं ‘मऊ बंदूक’ म्हणून नाव कमावलं. तिचं वजन आणि तिच्या सरकत्या भागांचा वेळ, दोन्ही हाताच्या बाजूचे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कथेनं उलटी उडी मारली. दस्ताच काढून टाकून नुसत्या पिस्तुली मुठीच्या बंदुका विकल्या जाऊ लागल्या. दस्ता गेला म्हणजे खांदा गेला. दोन-अडीच किलोच्या अशा बंदुकीत तेच 32 ग्रॅमचं काडतूस घातलं, तर धक्क्याची ऊर्जा 40 ज्यूलच्या आसपास जाते आणि ती सगळी बेचका, मनगट आणि मधल्या बोटावर उतरते. 2017 साली आलेल्या मॉसबर्ग शॉकवेव्हनं मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी उतरती केली, पुढच्या हातासाठी पट्टा दिला आणि बेचक्यावरचा मार पुष्कळ कमी केला. तरीही माझं मत असं, की रोजच्या सरावासाठी दस्ता नसलेली बंदूक घेणं म्हणजे पाचशे वर्षांत माणसानं जे शिकून घेतलं ते टाकून देणं.

ज्यांना धक्का जन्मभर सोसायचा आहे त्यांची पद्धत आता बरीचशी ठरली आहे. दस्ता गालाखाली आणून मगच खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवायचा, कारण सैल दस्त्यात बंदुकीला वेग घ्यायला जागा मिळते. पुढच्या हातानं बंदूक हलकेच पुढे ताणायची आणि मागच्यानं खांद्याकडे ओढायची. पोलिसी प्रशिक्षणातही हे शिकवतात. मूठ तर्जनीनंतरच्या तीन बोटांनी पकडायची, अंगठा मागे उभा न ठेवता वरून पलीकडे घ्यायचा, म्हणजे बेचका वाचतो. मधलं बोट कमानीपासून थोडं दूर ठेवायचं. नवशिक्याला पाच-पाच बारांनंतर विश्रांती द्यायची आणि सुजलेल्या हातानं सराव करू द्यायचा नाही.

हे सगळं आपल्याकडेही लागू आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका आहेत. रानडुकरं आणि माकडं पीक ठेवत नाहीत, म्हणून त्या लागतात. त्यांत ठासणीच्या आहेत, काडतुसाच्याही. ठासणीच्या बंदुकीत दारूचं माप हातावर अवलंबून असतं आणि माप चुकलं की धक्काही चुकतो. त्याहून मोठा धोका नळी फाटण्याचा, म्हणून तिथे मोजमापाचं झाकण वापरावंच. काडतुसाच्या बंदुकीला रबरी गादी बसवणं परवानाधारक बंदूककाराकडे होतं; त्याला गादीच्या जाडीएवढं लाकूड कापायला आठवणीनं सांगावं. आणि बांधावर उभं राहून डुकरं हाकलायची असतील, तर हलक्या बाराची काडतुसं निवडावीत. त्यानं मधलं बोट वाचतं, आणि दुसरा बार लागलाच तर तो नीट जातो.