जीपचं चाक आणि बँकेची चासी

इतिहास म्हटला की लोकांना घोडे आठवतात. मला मात्र बँकेत तारण लिहून घेतलेल्या जिपा आठवतात. 1947 साली महिंद्र बंधूंच्या कंपनीने मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. तिचं लष्करी टायर सहा इंच रुंद, सोळा इंची रिमचं, रणांगणावर ठीक. पण आमच्या गोंदियाकडच्या धानाच्या बांधीत ते श्रीखंडात चमचा जावा तसं उतरायचं! मग मिस्त्री पुढे सरसावले. मोठं, रुंद टायर घालायचं तर वळताना ते मडगार्डला आणि चासीला घासणार. म्हणून मडगार्ड कापा, स्प्रिंगला एखादा पाटा वाढवा, तरीही नाही भागलं तर थेट चासीलाच वेल्डिंग! गाडी उंच होई, वळणावर झुके. शिवाय मोठ्या चाकाचे फेरे कमी, त्यामुळे मीटर किलोमीटरही कमी दाखवी. प्रवासभत्त्यावर जगणाऱ्याला याहून मोठा अपघात कोणता? पुढे 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम 52 ने या कारागिरीला लगाम घातला; 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ आराखड्याबाहेरचे बदल नाकारले. बँकेची चिंता त्याहून साधी. कर्ज दिलेलं असतं चासीच्या नंबरावर. मिस्त्रीने नेमका तेवढाच तुकडा कापून टाकला, तर वसुलीला गेल्यावर गाडी ओळखायची कशावरून? टायरवरून?