नोंदी ठेवणारा माणूस गेला तेव्हा

कुठलीही कचेरी घ्या, पतसंस्था घ्या, गावची पाणीपुरवठा योजना घ्या. तिथं एक माणूस असा असतोच की काही अडलं की सगळे म्हणतात, "त्यांना विचारा." पद मोठं नसतं. पण कुठला व्हॉल्व्ह कुठं पुरलाय, कुणाला कुठल्या साली नळ दिला, कुठली फाईल कुठल्या कपाटात आहे, सगळं त्यांना ठाऊक. असा माणूस अचानक गेला की मग कळतं, कारभार कुणाच्या जिवावर चालला होता.

इंटरनेटचाही असा एक माणूस होता. जॉन पोस्टेल. दाढी वाढलेली, पायात सँडल. १६ ऑक्टोबर १९९८ ला लॉस एंजेलिसमध्ये ते गेले. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. वय अवघं ५५.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसेल. पण त्यांच्या कामाशिवाय आपला एक दिवस जात नाही, म्हणून हे लिहितोय.

१९६९ मध्ये पोस्टेल लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थी होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून तिथं अर्पानेट हे संगणकांचं जाळं उभं राहत होतं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलायची तर आधी बऱ्याच गोष्टी ठरवाव्या लागतात. कुठल्या कामाला कुठला नंबर, कुठल्या संगणकाचा पत्ता काय. एकाच गट नंबरचे दोन सातबारे निघाले तर काय होईल? तसाच घोळ इथंही झाला असता. म्हणजे कुणीतरी एकाने नोंद ठेवायला हवी.

मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एक छोटं टिपण लिहिलं. नंबर वाटायला एक 'झार' नेमावा असं त्यांनी सुचवलं, आणि पुढे कंसात विचारलं, मी? गमतीत विचारलेलं काम गळ्यात पडलं ते शेवटपर्यंत. या नोंदी ठेवण्याच्या कामाला पुढे 'आयाना' असं नाव पडलं. नाव एखाद्या मोठ्या संस्थेसारखं, पण प्रत्यक्षात पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांच्यासारखे मोजके सहकारी.

दुसरं काम त्याहून मोलाचं. इंटरनेटचे नियम ज्या टिपणांत लिहिले जातात त्यांना 'रिक्वेस्ट फॉर कमेंट्स' म्हणतात, म्हणजे 'तुमचं मत कळवा'. नाव बघा, त्यात हुकूम नाही, विनंती आहे. ही मालिका एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी सुरू केली आणि तिचं संपादन पोस्टेल यांनी मरेपर्यंत केलं. टिपणं कुणीही फुकट वाचावीत, चूक दाखवावी. ई-मेल कसा जावा याचा ऑगस्ट १९८२ चा नियम त्यांनी स्वतः लिहिला. पेटंट नाही, मालकी नाही.

त्यांच्या शहाणपणाचा एक नमुना सांगतो. प्रत्येक देशाला इंटरनेटवर दोन अक्षरं द्यायची होती. पण देश कोण आणि कोण नाही, हे ठरवायचं कुणी? पोस्टेल यांनी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची तयार यादी उचलली आणि १९९४ च्या टिपणात स्पष्ट केलं की देश कुठला हे ठरवणं आमचं काम नाही. आपल्याला १९८९ मध्ये मिळालेलं 'डॉट इन' याच पद्धतीतलं, आणि सुरुवातीची बरीच वर्षं ते मुंबईतल्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेने सांभाळलं. हाताशी अधिकार असताना तो कुठं वापरायचा नाही, हे ज्याला कळतं त्यावर लोक विश्वास टाकतात.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. १९९५ पासून नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी डोमेन नावांचे पैसे घेऊ लागली. नावांत पैसा आला आणि भांडण सुरू झालं: यादी कुणाची? कंपनीची, अमेरिकी सरकारची की ती उभारणाऱ्यांची? इंटरनेटची मूळ यादी ठेवणारे १३ सर्व्हर होते. मुख्य प्रत कंपनीकडे, बाकी १२ तिची नक्कल घेत. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी त्या १२ पैकी ८ चालकांना ई-मेल केला: यापुढे यादी आमच्याकडून घ्या. आठही जणांनी ऐकलं. एका माणसाच्या साध्या पत्रावर! व्हाइट हाउसमधून विचारणा झाली, तेव्हा त्यांनी ही चाचणी होती असं सांगितलं आणि काही दिवसांत सगळं पूर्ववत केलं.

ते बरोबर होते का? यावर आजही दोन मतं आहेत. मला वाटतं, त्या दिवशी दोन गोष्टी एकदम दिसल्या. तीस वर्षांच्या निरपेक्ष कामाने केवढा विश्वास कमावता येतो ही एक. आणि सार्वजनिक व्यवस्था एका भल्या माणसाच्या शब्दावर उभी असणं किती धोक्याचं आहे, ही दुसरी. आज माणूस भला आहे, उद्याचं काय?

पोस्टेल यांनाही हे कळत होतं. आपलं काम आपल्यानंतरही चालावं म्हणून संस्था उभारायला ते शेवटचे महिने राबले. ३० सप्टेंबर १९९८ ला 'आयकॅन' ही संस्था नोंदली गेली. सोळा दिवसांनी ते गेले.

दुसऱ्या दिवशी इंटरनेट बंद पडलं का? नाही. कारण सगळं लिहून ठेवलेलं होतं. १९९४ ची नंबरांची यादीच दोनशेहून जास्त पानांची आहे! जुने मित्र व्हिंट सर्फ यांनी श्रद्धांजली लिहिली आणि ती पोस्टेल ज्या मालिकेचे संपादक होते त्याच मालिकेत छापली गेली. टिपण क्रमांक २४६८. तांत्रिक नियमांच्या रांगेत एका मित्राची आठवण. पुढे २०१४ मध्ये देवनागरीत 'डॉट भारत' आलं, तेही त्याच मूळ यादीत नोंदून. १ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकी सरकारने त्या यादीवरची आपली देखरेखही सोडली.

आपल्याकडे माणूस गेला की हार, फ्लेक्स आणि "पोकळी भरून न निघणारी" असं भाषण. त्याच्या डोक्यातलं मात्र त्याच्याबरोबरच जातं. पोस्टेल यांच्या मित्रांना दुःख कमी झालं नसेल, पण काम थांबलं नाही, कारण गेलेल्या माणसाने ते आधीच सगळ्यांचं करून ठेवलं होतं.

तुमच्या गावात, कचेरीत "त्यांना विचारा" असं ज्यांच्याबद्दल म्हणतात ते कोण? या आठवड्यात एकदा त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. आणि जमलं तर त्यांना सांगाही की तुमच्यामुळे चाललंय. हे सांगायला श्रद्धांजलीची वाट कशाला बघायची?